पानांचा माणूस

१

सन १९८२ मध्ये आमच्या सरकारी खात्याला नव्या कलेचा झटका आला. पोर्ट लुईच्या बंदराजवळचं एक जुनं गोदाम पांढरं रंगवून त्याचं दालन केलं गेलं. मग साहेबांनी फर्मान काढलं, की संगमरवर नको, ब्राँझ नको, बेटावर हाताला जे लागतं त्यातून घडवलेली शिल्पं शोधून आणा. शोधून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी चंद्रिका, वय बेचाळीस, लग्न केलं नाही. आधी आठ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे स्वतःला जरा जास्तच शहाणी समजत होते.

तीन महिने मी खात्याची व्हॅन घेऊन बेटभर फिरले. क्यूरपीपच्या एका गृहस्थांनी उकळलेल्या साखरेचं डोकं केलं होतं. ते दालनात पोचेपर्यंत मुंग्यांनी त्याचं नाक खाल्लं. माएबूर्गला एकाने बाटल्यांची बुचं ठोकून सात फुटी मासा केला होता. तो पाहून मी खरोखर हरखले. शमें ग्रेनिएच्या सुनयना नावाच्या शिक्षिकेने उसाच्या चिपाडांची गरोदर बाई केली होती. तिला आंबूस वास येत होता, म्हणून ती व्हरांड्यात ठेवावी लागली. साहेब आनंदात होते आणि मी वैतागले होते.

या सुनयनानेच मला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सुरिनाम गावातल्या भगवतीबद्दल सांगितलं.

"आपल्यातलीच हाय, मराठी," ती म्हणाली. "वाकवाच्या पानांचा मानूस केलाय तिनं. पन ती त्याला कला म्हनत न्हाय हां. जपून बोल."

वाकवा म्हणजे आमच्याकडचा केवड्याच्या जातीतलं झाड. त्याची लांब पानं वाळवून, चिरून, पूर्वी साखरेची पोती विणत. आता बाजारात न्यायच्या पिशव्या विणतात. त्यातून माणूस विणलेला मी कधी ऐकला नव्हता.

२

भगवतीमावशींचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होतं. पत्र्याचं छप्पर, दारात तुळस, कुंपणाला वाकवा. बाई साठीच्या, सडपातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

खोलीत बाकावर एक पुरुष बसला होता. मी चक्क नमस्कार केला आणि हात जोडल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो पानांचा आहे.

असं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. छाती साखरेच्या पोत्यासारखी घट्ट विणलेली. हाताच्या शिरा मासेमारीच्या दोरीच्या. केस काथ्याचे, नखं माशांच्या खवल्यांची. डोकं नारळाचं होतं, पण त्यावर पानांच्या पट्ट्या इतक्या बारीक बसवल्या होत्या, की गालाचं हाड दिसत होतं. डोळे मिटलेले. हात गुडघ्यांवर. डाव्या हाताला करंगळी नव्हती.

"दोरीनं कापली गेलती," मावशी म्हणाल्या. "लग्नाच्या आदीच."

मग व्हॅनिला घातलेला चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. नवरा इंद्रदेव बारा वर्षांपूर्वी पिरोग घेऊन समुद्रात गेला. ब्रिझां, म्हणजे लाटा फुटतात ती प्रवाळाची रांग, त्याने ओलांडलेली लोकांनी पाहिली. पुढे ना होडी सापडली, ना माणूस. आपल्यात अशा हरवलेल्याची बारा वर्षं वाट पाहतात आणि मग तीनशे साठ पानांचा पुतळा करून, त्याच्यात त्याचं नाव घालून, त्याला अग्नी देतात. धाकटा दीर तुलसीराम त्यासाठी मागे लागला होता. तोही वाईट नव्हता. भाऊ उपाशी दारात उभा असल्याचं त्याला स्वप्नात दिसे आणि तो रडत उठे.

"पुतळा करायला बसले," मावशी म्हणाल्या, "आन् हात थांबेनात. आट म्हैने लागले. आता ह्याला जाळला, की मी रांड. कुंकू पुसायचं. आन् तो जित्ता असला तर? कुटं मादागास्करला, कुटं आफ्रिकेत? जित्त्या नवऱ्याला जाळू काय मी?"

मला त्यांची दया आली, हे खरं. पण दयेच्या आत लोभही होता, तेही खरं. दालनाच्या मधोमध हा माणूस मला आत्ताच दिसू लागला होता. मी विचारलं, तुलसीरामने विधी कधी धरलाय? येत्या अमावास्येला. म्हणजे तीन आठवडे होते. मी शब्द दिला, की आदल्या दिवशी माणूस घरी परत.

"लोकं बगतील त्याला?"

"खूप बघतील."

"बगू दे. बारा वर्सं कोनी बगितला न्हाय." त्या उठल्या. "पन त्याचं नाव लिवू नको, चंद्रिकाबाय. नाव मंग म्हाराज घालतील, तीनदा, आगीच्या आदी. तंवर ती नुसती पानं."

मी कबूल केलं. निघण्याआधी मागच्या खोलीतला त्याचा एक फोटोही काढला.

३

दालनात प्रत्येक वस्तूपुढे एक पाटी असे. नाव, करणाऱ्याचं नाव, साहित्य. साखरेच्या डोक्याला 'गोडवा', माशाला 'तहान'. भगवतीमावशींच्या माणसापुढे काय लिहावं याचा मी अजिबात विचार केला नाही. हल्लीचे कलाकार अशा वेळी जे करतात तेच केलं. फ्रेंचमध्ये लिहिलं, 'सां तीत्र', म्हणजे शीर्षक नसलेलं, आणि खाली आपल्या अक्षरांत: 'निनावी'. वर स्वतःची पाठ थोपटली, की दिलेला शब्द पाळला.

त्याला मी बंदराच्या बाजूच्या खिडकीशी बसवलं. लोक आत येत, साखरेच्या डोक्याला हसत आणि त्याच्यापाशी आले की आवाज खाली करत. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. साहेबांनी माझं कौतुक केलं, त्यामुळे मी दोन दिवस हवेत होते.

रोज सकाळी साडेआठला मी वही घेऊन फेरी मारी. मुंग्या, वाळवी, ओल, काही सुटलंय का, काही तुटलंय का. साखरेच्या डोक्याचा कान गेला. माशाची दोन बुचं पडली. नवव्या दिवशी मी पानांच्या माणसापाशी वाकले, उजवा हात तपासला, डावा हात तपासला, वहीत बरोबरची खूण केली आणि पुढे गेले.

चिपाडांच्या बाईपर्यंत पोचल्यावर मी थांबले आणि मागे आले.

डाव्या हाताला पाच बोटं होती.

मी स्वतःला सांगितलं, की आतली एखादी पट्टी सुटून बाहेर आली असेल. पानं वाळतात, पीळ सुटतो, त्यात नवल काय. मी ते बोट चिमटीत धरलं. ते सुटलेलं नव्हतं. इतर चार बोटं पिवळट, वाळलेली होती. हे टोकाशी किंचित हिरवं होतं. चिमटीला ओल लागली.

वहीतली खूण मी खोडली नाही. तिथे दुसरं काय लिहिणार होते?

४

दालनाची देखरेख हरिलाल करी. सत्तरीचा, भोजपुरी घरातला, सगळ्यांशी गोड बोलणारा म्हातारा. दुसऱ्या दिवशी मी आले तर पानांच्या माणसाच्या पायांशी पाण्याचा पेला.

"हे काय?"

"मॅडम, ओकरा के पियास लागल बा," हरिलाल अगदी साधेपणाने म्हणाला. मग मला समजावं म्हणून आमच्या बोलीत आला. "त्याला तहान लागतीय. रोज ठिवतो, तुमची फेरी झाल्यावर; आज जरा आदी ठिवला. दुपारपातूर संपतंय."

मी त्याला उन्हाने पाणी आटतं यावर चांगलं व्याख्यान दिलं. त्याने मान डोलावली. शाळेत मठ्ठ मुलं अशीच मान डोलावत, असं मला वाटलं, आणि नंतर मला त्याची लाज वाटली. पेला मी स्वतः उचलून नेला.

त्या दुपारी दालनात कोणी नव्हतं. मी टेबलाशी बसून पत्रं लिहीत होते. तेव्हा टोपलीवर कोणी वजन टाकल्यावर येतो तसा आवाज झाला. करकर, आणि मग थोडं थांबून पुन्हा करकर. बराच वेळ एका जागी बसलेला माणूस ढुंगण हलवतो, तेवढाच. मी लिहीत राहिले. काय लिहिलं ते आठवत नाही. आवाज थांबल्यावर मान वर केली. तो जसा होता तसाच होता, पण हात गुडघ्यांवर नव्हते. मांडीत घेतले होते, एकावर एक.

मी पिशवीतून सुरिनामचा फोटो काढला. चार बोटं. हात गुडघ्यांवर. खांदेही अरुंद. मग माझ्या मनाने नेहमीची वाट धरली. हरिलालने साफसफाई करताना हात हलवले असतील. दमट हवेने विणकाम फुगलं असेल. फोटो वेगळ्या कोनातून असेल. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण सापडत होतं आणि ती कारणं एकत्र ठेवली की मला घाम फुटत होता. भीती मला तेव्हा वाटली, हे मी कबूल करते. पण भीतीपेक्षा जास्त वाटली ती शरम. कोणाच्या तरी बसण्याकडे टक लावून पाहावं तशी.

संध्याकाळी निघताना मी पेला भरून त्याच्या पायांशी ठेवला.

५

अमावास्येच्या आदल्या दिवशी व्हॅन पाठवायची होती. त्याआधीच, सकाळच्या बसने, भगवतीमावशी स्वतः आल्या. नवीकोरी साडी, हातात वाकवाची पिशवी. पिशवीत इंद्रदेवचा निळा सदरा होता, धुऊन इस्त्री केलेला.

"उगडा नेऊ नको म्हनलं," त्या हसून म्हणाल्या. "लोकांत बसलाय इतके दिस. ह्याच सदऱ्याच्या मापानं विनलाय त्याला, चपखल बसंल."

त्यांनी सदरा उलगडला, त्याच्या एका खांद्यावर लावला. दुसऱ्या खांद्यापर्यंत तो पोचेना. त्यांनी पुन्हा लावून पाहिला. मग सदरा तसाच हातात धरून त्यांनी त्याचा डावा हात उचलला आणि बोटं एकेक करून चाचपली.

"आयो," त्या हळूच म्हणाल्या. "हा माजा न्हाय."

मी काहीतरी बोलू लागले, दमट हवेचं. त्यांनी मला थांबवलं नाही, पण ऐकलंही नाही. त्यांची नजर पाटीवर गेली. वाचता येत नव्हतं त्यांना. "काय लिवलंस?"

"तुम्ही म्हणालात नाव लिहू नको. म्हणून लिहिलं, निनावी."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी लिवू नको म्हनलं," त्या म्हणाल्या. "तू लिवलंस, की ह्याला नाव न्हाय. ज्याला नाव न्हाय तो येऊन बसला ह्यात." मग त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि पदर सावरून, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "कोन रे बाबा तू? कुनाचा?"

आम्ही तिघंही वाट पाहत होतो: मावशी, मी आणि हातात झाडू घेतलेला हरिलाल. बाहेर बंदरात क्रेन चालू होती. पानांच्या माणसाकडून काहीच आलं नाही. फक्त त्याच्या मिटलेल्या पापणीखालून पाण्याची एक बारीक रेघ गालावर उतरली आणि विणीत मुरली.

"मो पा कोने," मावशी आमच्या क्रेओलमध्ये स्वतःशीच म्हणाल्या. ठाऊक नाही. "त्याला पन ठावं न्हाय वाटतं."

आणि तो न बसणारा सदरा त्यांनी त्याच्या खांद्यांवर पांघरला.

६

येताना मी आणि ड्रायव्हरने त्याला सहज उचललं होतं. परत जाताना चौघं लागले. मी मावशींबरोबर मागे बसले. वाटेभर उसाचे मळे. सुरिनामला पोचलो तेव्हा त्याच्या बसण्याच्या जागी गोणपाट चिंब झालं होतं.

तुलसीराम दारातच होता. भावाला पाहून त्याने डोळे पुसले. हात पांघरलेल्या सदऱ्याखाली होते, त्याला काही वेगळं दिसलं नाही. आठ महिन्यांत तो त्या खोलीत एकदाही गेला नव्हता, धीरच झाला नव्हता म्हणाला. चंदनाची तयारी पाहायला तो विधी सांगणाऱ्या महाराजांकडे गेला आणि आम्ही दोघी ओट्यावर बसलो. दुपार कलली होती.

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. "मावशी, हे तर तुमच्या मनासारखंच झालं," मी म्हणाले. "तुलसीरामला सांगा, हा इंद्रदेव नाही. विधी होणार नाही. तुमचं कुंकू राहील."

"आन् ह्याचं काय?"

"याचं काय म्हणजे?"

"हा असाच बसून ऱ्हानार. पियास लागलेला." त्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या. "नाव नसलं तर म्हाराज कुनाला बोलवनार? बिगर नावाचा कसा जानार ह्यो?"

"मग काय करणार तुम्ही?"

"माज्याकडं एक हाय ना नाव."

मला समजायला एक क्षण लागला. समजल्यावर मी चिडले. खरंच चिडले, मोठ्याने बोलले. एका परक्या माणसासाठी, माणूस कसला, आपल्याला काहीच माहीत नाही कशासाठी, तुम्ही नवऱ्याचं नाव देणार? कुंकू पुसणार? बारा वर्षं काय म्हणून थांबलात मग?

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऐक, पोरी. माजा पन मेला असला, तर कुटं तरी कुनाच्या दारात असाच बसला असंल. तुटकं बोट दाकवत, पानी मागत. थितं एकादी बाय असंल. तिनं दिलं पायजे ना त्याला काय तरी? मी हितं न्हाय दिलं तर ती तिकडं का देईल?"

मी रडले. माझी चूक होती, एका पाटीची, आणि ती निस्तरत होती ही बाई.

७

सकाळी सात वाजता समुद्रकाठी वाळूत लाकडं रचली. स्मशानात बायका जात नाहीत, पण पानांच्या माणसाच्या वेळी बाईने यायला हरकत नाही, असं महाराजांनी सांगितलं. भरती ओसरत होती. जागा निवडताना तुलसीरामने मला ब्रिझांची पांढरी रांग दाखवली होती. हिच्यापलीकडे एकदम तीस वाव, म्हणजे पावणेदोनशे फूट पाणी, दादा तिथंच गेला, म्हणाला.

महाराजांनी नाव विचारलं. तुलसीरामने तोंड उघडलं, पण मावशी पुढे झाल्या आणि त्याच्या कानाशी वाकल्या. विणलेल्या, ओल्या कानाशी. तीनदा म्हणाल्या, "इंद्रदेव. इंद्रदेव. इंद्रदेव." दिल्यासारखं, सावकाश. तिसऱ्या वेळी मी त्या डाव्या हाताकडे पाहत होते. मांडीतले हात सुटून दोन्ही बाजूंना पडले. मी त्याला कारण शोधलं नाही.

ओली पानं पेटणार नाहीत अशी मला खात्री होती. तुलसीरामने अग्नी दिला आणि ती एका श्वासात पेटली. धूर सरळ वर गेला. त्यात कसलाही वाईट वास नव्हता, उन्हात वाळलेल्या पानांचाच होता. मावशींनी पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. तुलसीराम वाळूत बसून हुंदके देत होता, पण त्याचा चेहरा हलका झालेला दिसत होता. मला बरं वाटलं. निदान एकाला तरी वाट मिळाली, असं मी मनात म्हणाले.

मग मी समुद्राकडे पाहिलं, कारण मावशी पाहत होत्या.

ब्रिझांच्या पलीकडे काळं काहीतरी होतं. पुष्कळ. डावीकडे शेजारच्या गावापर्यंत आणि उजवीकडे नजर पोचेल तिथवर, अंतराअंतराने. खडक म्हणावेत तर त्यांना खांदे होते. तिथलं पाणी त्यांच्या कमरेपर्यंतच होतं. लाट येई, त्यांच्या अंगावरून जाई, आणि ते तिथेच असत, तोंडं किनाऱ्याकडे, आमच्या धुराकडे. रांगेत उभं राहून पाळी येण्याची वाट पाहतात तसे. मी पापण्या मिटल्या, उघडल्या. ते होतेच.

"काय बगतेस, वैनी?" मागून तुलसीरामने विचारलं. "पिरोग तर एक पन न्हाय."

मावशींनी डोळ्यांवर हात धरला होता. भीती त्यांच्या तोंडावर अजिबात नव्हती. होड्या परत येतात तेव्हा बायका एकेक चेहरा पारखतात, तशा त्या एका टोकापासून सुरुवात करून, मधला एकही न सोडता, दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. मग पुन्हा पहिल्या टोकापासून. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांचा हात धरला होता आणि तो हळूहळू गार पडत गेला.

"सगळे बगितले," त्या शेवटी म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल इतपत. "ह्यांच्यात तो न्हाय, चंद्रिकाबाय."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"तो जित्ता हाय," त्या म्हणाल्या. "आन् मी त्याचं नाव देऊन टाकलं."